शेक आणि परसाकड

आमच्याकडे रेडिएशनला कोणी रेडिएशन म्हणत नाही. कोणी ‘शेक’ म्हणतं, कोणी ‘लाईट’. नाशिकला नाहीतर मुंबईला जाऊन आलेला माणूस ओट्यावर बसला की अहिराणीत पहिला प्रश्न येतो, ‘‘कितल्या लाईट व्हयन्यात?’’ बारा झाल्या, तेरा राहिल्या, असा हिशेब. शेक म्हटलं की तव्यावर गरम केलेली एरंडाची पानं आठवतात, लाईट म्हटलं की लोडशेडिंग. आपल्या माणसाला आत भाजतंय, हे या दोन्ही शब्दांतून कळत नाही. बहुधा म्हणूनच ते रुळले असावेत.

मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत एक्स-रे काढले. १९७९ साली धुळ्याला लागलो, मग चोपडा, पाचोरा आणि शेवटी जळगाव. ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ हे तीन शब्द मी आयुष्यात इतके बोललोय की मुलगा लहानपणी माझी नक्कल करायचा. छातीवर बिल्ला असायचा. किरणांचा किती मारा अंगावर बसला ते कळावं म्हणून तो दर तीन महिन्यांनी तपासायला जायचा. बिल्ला कायम चांगला निघाला. निवृत्तीनंतर चार वर्षांनी, २०१७ मध्ये, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्याचा माझ्या नोकरीशी संबंध नाही. वय झालं की पुष्कळांना होतो. पण जन्मभर दुसऱ्यांना किरणांसमोर उभं करणारा मी, तेव्हा मशीनखाली आडवा झालो.

गावात सगळ्यांना काळजी माझ्या केसांची. केस गेले नाहीत. पोटाच्या खाली शेक दिला तर डोक्याचे केस कशाला जातील? बिघडली ती परसाकड. आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही, आपणही सांगत नाही.

यंत्रांचा इतिहास पुस्तकांत सापडतो. या परसाकडचा इतिहास मात्र कुठे एकत्र लिहिलेला मला दिसला नाही. जे वाचलं, जे फिल्मवर पाहिलं आणि जे स्वतः भोगलं, त्याची जुळणी करून बघतो.

आधी जागा समजून घ्या. प्रोस्टेट म्हणजे सुपारीपेक्षा थोडी मोठी गाठ, मूत्राशयाच्या खाली. तिच्या पाठीला चिकटून गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग. मध्ये पडदा काही मिलिमीटरचा. इतकी जवळीक की डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपतात. आता या गाठीवर बाहेरून किरण सोडायचे आणि पाठीमागच्या आतड्याला धग लागू द्यायची नाही. जळगावच्या सराफ बाजारात कारागीर फुंकणीनं झाळणं करताना पाहिला असेल, तर अडचण लगेच कळेल. ज्योत नेमकी सांध्यावर हवी. शेजारची नक्षी वितळली तर दागिना गेला. फरक एवढाच की सोनाराला सांधा दिसतो. किरण सोडणाऱ्याला पन्नास-साठ वर्षं तो धड दिसतच नव्हता.

रॉन्टगेनला हे किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतल्या व्युर्झबर्गला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १८९७ मध्ये, डेव्हिड वॉल्श नावाच्या डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक टिपण छापलं. या किरणांजवळ काम करणाऱ्या एकाच्या पोटात मुरडा येऊन ढाळ लागत होते. कामापासून दूर राहिला की बरा, परतला की पुन्हा तेच. पोटासमोर शिशाचा पत्रा धरल्यावर त्रास थांबला. शेकानं आतडं बिघडतं याची ही पहिली छापील नोंद मानतात. बघा, या किरणांनी कॅन्सर बरा होतो की नाही हे पुरतं ठरायच्या आधी त्यांनी ढाळ लागतात हे ठरलं होतं! आणि तो पहिला माणूस रुग्ण नव्हता, आमच्याच धंद्यातला होता. हे वाचलं तेव्हा मी शिशाचा एप्रन घालून डार्करूमच्या दाराशी उभा होतो. एप्रन फार जड होतो म्हणून उन्हाळ्यात आम्ही तो खुंटीला टांगून ठेवायचो. त्या दिवसापासून मी टांगला नाही.

त्या पिढीनं मोजलेली किंमत मोठी होती. बोटं गळाली, हात कापावे लागले, माणसं मेली. जर्मनीत हॅम्बुर्गला १९३६ साली अशा लोकांचं स्मारक उभारलं, त्यावर दीडशेहून जास्त नावं कोरली.

रेडियम आलं १८९८ मध्ये, क्युरी दांपत्याकडून. (आमच्याकडे रेडियम म्हणजे मोटारसायकलच्या नंबरप्लेटवरची चकचकीत पट्टी. धुळ्याला स्टँडच्या रस्त्यावर ‘रेडियम आर्ट’ची दुकानं आहेत. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो.) रेडियमची नळी प्रोस्टेटजवळ नेऊन ठेवायची कल्पना पॅरिसच्या पास्तो आणि देग्रे या डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच राबवली, लघवीच्या वाटेनं. १९१७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या ह्यू हॅम्पटन यंग यांनी लघवीची वाट, मूत्राशय आणि गुदाशय अशा तिन्ही बाजूंनी रेडियम लावून पाहिलं. सगळा जाळ एकाच जागी बसू नये, हा हेतू. आजच्या यंत्रात जी युक्ती आहे तिचं बी इथं आहे: वाटा अनेक, भेटीची जागा एक. पण रेडियमची नळी गुदाशयातच ठेवायची म्हटल्यावर त्या आतड्याचं काय होत असेल, ते सांगायला नको.

तेव्हा आपल्याकडे काय होतं? १९०६ मध्ये इंग्रजांनी खान्देशाचे दोन जिल्हे केले, पूर्व खान्देश जळगावला आणि पश्चिम खान्देश धुळ्याला. त्या काळात जन्मलेल्या माझ्या आजीच्या बेंबीभोवती चार काळे डाग होते. तान्ही असताना तिचे ढाळ थांबेनात, म्हणून कुणीतरी विळा तापवून त्याचं टोक लावलं होतं. डाग देणं, बिब्बा घालणं, हे घरोघरी चाले. ढाळ थांबावेत म्हणून आजीला पोटावर चटका दिला. मला पोटात चटका दिला आणि ढाळ लागले. तिचे डाग निदान दिसत तरी होते.

मुंबईत परळला टाटा हॉस्पिटल उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं हे रुग्णालय उभं केलं. १९५७ मध्ये ते सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे का, असं आमच्या हाताखालची पोरं विचारायची. किरणं कुठून येतात, असं मी उलट विचारायचो. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला डॉक्टर अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे, गोव्याचा माणूस, तिथला मोठा सर्जन.

त्याच १९४१ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की पुरुषी हार्मोन बंद केलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आक्रसतो. पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या शोधानंतर काही वर्षं प्रोस्टेटला किरण देणं मागे पडलं. गुदाशय जाळण्यापेक्षा गोळी बरी, असा साधा हिशेब असणार.

खान्देशातून परळला जायचं म्हणजे रेल्वे. जळगाव, भुसावळ मुख्य मार्गावर. धुळेकरांना मात्र १९०० साली झालेल्या फाट्यानं आधी चाळीसगावला यावं लागे, मग मुंबईची गाडी. कित्येकांचा मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. ज्या माणसानं हातात खराटा घेऊन गावोगावची घाण काढली, त्याच्या नावाच्या छपराखाली शेक घेतलेली माणसं पहाटे संडासाच्या रांगेत उभी राहतात, हे मला नेहमी योग्य वाटत आलंय. तिथं तरी कुणाला लाजायचं कारण नाही, रांगेतला प्रत्येक जण त्याच वाटेचा.

गाडीचं तसं नाही. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे स्लीपरचं भाडं पूर्ण माफ करते, मोठी सोय आहे. पण शेक चालू असलेल्या माणसाला भाड्यापेक्षा संडासाजवळचा बर्थ मोलाचा. इतरांना नको असलेला तो बर्थ आम्ही मागून घेतो. ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाचं १९०९ सालचं पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलंय म्हणतात. फणस खाऊन पोट बिघडलं, तो स्टेशनवर उतरून बसला आणि गाडी सुटली, अशी त्याची तक्रार. खालच्या वर्गाच्या डब्यात संडास आले ते त्या पत्रामुळे, असं सांगतात. लोक ते पत्र हसण्यासाठी वाचतात. मी विदर्भ एक्स्प्रेसमधून इगतपुरीचा घाट चढताना ओखिलबाबूंना मनातल्या मनात हात जोडलेत.

आता कोबाल्ट. इथं जरा थांबतो, कारण यात माझे मामा आहेत.

कोबाल्टचं यंत्र १९५१ मध्ये कॅनडात आलं. त्याच्या आधीच्या एक्स-रे यंत्राचे किरण कातडीतच जिरायचे. पोटाची कातडी सोलून निघायची, पण खोलवरच्या प्रोस्टेटपर्यंत पुरेसं काही पोचायचं नाही. कोबाल्टचे किरण खोल जात आणि कातडी वाचे. डॉक्टरांना वाटलं, सुटलो. पण कातडी वाचली तसा दिलेला डोस वाढला आणि चटका कातडीवरून आतड्यावर गेला. कोबाल्टचा तुकडा सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे झोताची कड पुसट. कंदिलाच्या उजेडात भिंतीवर हाताची सावली पाडून बघा, तिला धारदार कड नसते. काही मिलिमीटरच्या पडद्यापुढे असली पुसट कड म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात पाणी जाणारच. शिवाय कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. जुना झाला की तेवढ्याच डोससाठी माणसाला जास्त वेळ टेबलावर निपचित पडावं लागतं.

माझे मामा अमळनेर तालुक्यातले, कापूस आणि ज्वारी करणारे. १९८४ मध्ये त्यांनी मुंबईला कोबाल्ट घेतला, सहा-सात आठवडे. सीटी स्कॅनवर आखणी करायचे दिवस आमच्यापर्यंत आले नव्हते. मूत्राशयात नळी घालून औषध भरायचं, फिल्म काढायची, हाडांच्या खुणांवरून प्रोस्टेटची जागा ठरवायची आणि कातडीवर जांभळ्या शाईनं चौकोन आखायचा. समोरून, पाठून आणि दोन्ही कुशींतून असे चार झरोके. शाई पुसू नका असं सांगितलं होतं म्हणून मामांनी दीड महिना तिथं पाणीच लागू दिलं नाही. परत आले तेव्हा ठणठणीत. जुलाब झाले होते, ते महिनाभरात थांबले.

सव्वा वर्षानं मामांनी पांढरं धोतर सोडलं आणि गडद लेंगा घालायला सुरुवात केली. कोणाच्या लक्षात आलं नाही. मामी रात्री धुणं धुवायला लागली, तेही विहिरीवर नाही, मोरीत. मामा पंगतीला येईनात. जळगावचा कार्तिकी एकादशीचा रथ त्यांनी कधी चुकवला नव्हता, तो चुकवला. मी घरी गेलो तर ओट्यावर एकटे असताना म्हणाले, ‘‘भाचा, आते पंगतमा बसानी हिंमत व्हत नही.’’ का, ते सांगितलं नाही. शेवटी मामीनं सांगितलं की मूळव्याध झालीय, रक्त पडतं, सांगायचं नाही म्हणतात.

मी त्यांना धुळ्याला आणून बेरियम एनिमाची फिल्म काढली. हे काम तेव्हा पुष्कळ असायचं: गुदद्वारातून बेरियमचं पांढरं पाणी सोडायचं आणि आतड्याचं चित्र घ्यायचं. कुशीवर निजवून काढलेल्या फिल्मवर पाठीचं खालचं हाड आणि गुदाशय यांच्यामधली फट दिसते. निरोगी माणसात ती एक सेंटिमीटरच्या आत असते. मामांची पावणेदोन भरली. गुदाशय फुग्यासारखा पसरायला हवा, तर बागेच्या रबरी नळीसारखा ताठ. मूळव्याध नव्हती. शेकाचा व्रण होता, दीड वर्षानं वर आलेला.

हे असं उशिरा का होतं, ते आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांनी लाईट बॉक्ससमोर समजावलं ते मी विसरलो नाही. शेकानं आतड्याचे दोन त्रास होतात आणि दोन्ही वेगळे. पहिला शेक चालू असतानाचा. आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होत असतं. किरणांनी नव्या पेशी तयार व्हायच्या थांबतात, जुन्या झडून जातात, आतडं बोडकं पडतं. मग ढाळ, आव, मुरडा, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं आणि बसलं की काही न होणं. शेक संपला की काही आठवड्यांत अस्तर परत येतं. दुसरा त्रास अस्तराचा नाही, रक्तवाहिन्यांचा. त्या आतून जाड होत जातात, रक्त कमी पडतं, मांस घट्ट होतं. उपाय म्हणून शरीर नव्या वाहिन्या काढतं, पण कच्च्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पातळ. जरा घट्ट मळ घासून गेला की फुटतात. याला महिने लागतात, कधी वर्षं.

त्या वेळी औषध म्हणजे स्टेरॉइडचा एनिमा. मामांना थोडा उपयोग झाला, थोडा नाही. चार-पाच वर्षांत रक्त आपोआप कमी होत गेलं. पुष्कळांचं तसं होतं. ते १९९४ मध्ये गेले, हृदयविकारानं. कॅन्सर परत आला नव्हता. कोबाल्टनं आपलं काम चोख केलं होतं, हे मला लिहिलंच पाहिजे. दहा वर्षं दिली. त्यातली पाच पंगतीवाचून.

औषधांची गंमत अशी की सगळी साध्या घरातली. १९८६ मध्ये परदेशात कुणी फॉर्मलिन लावून रक्त थांबवलं, तेच फॉर्मलिन ज्यात आमच्या दवाखान्यात कापलेले अवयव बरणीत ठेवायचे. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत राकेश कोच्चर आणि सहकाऱ्यांनी सुक्राल्फेट, म्हणजे जठराच्या अल्सरला देतात ते पांढरं दाट औषध, उलट्या वाटेनं दिलं आणि गोळ्या-स्टेरॉइडच्या तुलनेत तपासून पाहिलं. १९९१ मध्ये ते छापून आलं आणि जगभर वापरलं गेलं. पुढे दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या ठिणगीनं त्या कच्च्या वाहिन्या बंद करायची रीत आली. म्हणजे पुन्हा चटकाच. फक्त आता दिसत असलेल्या जागी.

यंत्राचं पुढचं भराभर सांगतो. १९५३ मध्ये लंडनला आणि १९५६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लिनॅक आलं, ज्यात कोबाल्ट नाही, वीज बंद केली की किरण बंद. स्टॅनफर्डच्या माल्कम बॅगशॉ यांनी त्यावर प्रोस्टेटला बाहेरून शेक देऊन तो बरा करता येतो हे मांडलं, आणि मागे पडलेला शेक परत आला. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रानं भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट यंत्र बनवलं, पहिलं २००५ मध्ये नवी मुंबईत खारघरला बसलं. मधल्या काळात झोताच्या तोंडाशी धातूच्या सरकत्या पट्ट्या आल्या, मग संगणकानं झोताची ताकद जागोजाग कमी-जास्त करायची सोय. हे सगळं कशासाठी? कॅन्सर मारायला नव्हे. मारायला कोबाल्टही पुरेसा होता. हे सगळं पाठीमागच्या त्या आतड्यासाठी. प्रोस्टेटच्या शेकाचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे गुदाशय चुकवण्याचा इतिहास, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर लोक एवढं सरळ बोलणार नाहीत.

पटत नसेल तर ह्यूस्टनचा प्रयोग बघा. तिथं १९९० च्या दशकात तीनशेएक रुग्णांचे दोन गट केले. एकाला ७० ग्रे डोस, दुसऱ्याला ७८. ग्रे हे डोसचं माप. आठ ग्रेनं कॅन्सर जास्त आटोक्यात राहिला, पण दहा वर्षांत उपचार करावे लागतील असा आतड्याचा त्रास १३ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेला. सरळ दुप्पट. आपल्या टाटामध्ये वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ मध्ये २२४ रुग्णांवर चाचणी केली, २०२१ मध्ये निकाल छापला. जास्त धोक्याच्या कॅन्सरमध्ये फक्त प्रोस्टेटला शेक द्यावा की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींच्या गाठींनाही, असा प्रश्न. गाठींसह दिलेल्यांत पाच वर्षांनी ९५ टक्क्यांचा आजार उलटलेला नव्हता, फक्त प्रोस्टेटवाल्यांत ८१. आतड्याचा उशिराचा त्रास अनुक्रमे ८.२ आणि ४.५ टक्के. लघवीचा त्रास मात्र चांगलाच वाढला, २० टक्क्यांवर गेला. ह्यूस्टन आणि मुंबईची मोजपट्टी तंतोतंत एक नसेल, पण २६ कुठे आणि ८ कुठे? मला त्या कागदात आकड्यांपेक्षा दुसरंच आवडलं. शेतकरी, गिरणी कामगार, रिक्षावाले अशा माणसांना कुणीतरी वर्षानुवर्षं बसवून विचारलं असणार, दिवसातून किती वेळा जाता? माझ्या मामांना हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

माझी पाळी २०१७ च्या पावसाळ्यात. नाशिकला बहिणीकडे राहिलो, पंचवीस लाईट. रोजचा नेम असा की आधी पोट साफ हवं आणि मग पाणी पिऊन लघवी तुंबवायची. भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलतं. रिकामा गुदाशय प्रोस्टेटला हलू देत नाही. गुदाशयात वायू भरला तर प्रोस्टेट पुढे सरकतं आणि दहा मिनिटांपूर्वीची आखणी चुकते. एकदा माझा वायूनं घोटाळा केला, टेबलावरून उतरवून संडासात पाठवलं. तंत्रज्ञ पोरगा पंचविशीचा, संकोचून म्हणाला, ‘‘काका, जरा गॅस आहे.’’ मी म्हटलं, बाबा, मी हजारो लोकांना बेरियम चढवलाय, माझ्याशी मोकळं बोल.

खाण्याचे मात्र हाल. खान्देशी माणसाला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, उडदाची डाळ यांतलं काही नको म्हणजे जेवण उरतं काय? बहीण भात आणि ताक द्यायची, दूध बंद. केळं चालायचं. रावेर-यावलच्या केळ्यांनी जगाचं पोट भरलं, माझं धरून ठेवलं. बाराव्या लाईटनंतर मुरडा सुरू झाला. दिवसातून सात-आठ वेळा, त्यातली निम्मी वेळ नुसतीच आव. बहिणीच्या घरी संडास एक. सकाळी भाचा शाळेला निघायच्या वेळी मी आत. तो दाराबाहेरून ‘‘मामा, झालं का?’’ विचारायचा आणि मी माझ्या मामांचा विचार करत बसायचो.

शेक संपल्यावर पाच आठवड्यांनी सगळं जागेवर आलं. आणि सव्वा वर्षानं एका सकाळी भांड्यात लाल.

मला सगळं माहीत होतं. फिल्म मी स्वतः काढली होती. तरीही काय केलं? बायकोला सांगितलं नाही, गडद रंगाची विजार घालून स्टँडजवळच्या ‘मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन’ अशा पाटीच्या दवाखान्यात गेलो. लाज माणसाला असं वळवते. त्यानं बघितलं न बघितलं, म्हणाला एक इंजेक्शन मारू, कोंब गळून पडेल. सिरिंज भरत होता तेव्हा तोंडातून निघून गेलं की मी लाईट घेतल्यात. ‘‘त्याने काय होतं?’’ असं तो म्हणाला आणि मी विजार बांधून खाली उतरलो. शेकलेल्या आतड्याला रक्त आधीच कमी. तिथं टोचलं, कापलं, तर जखम भरत नाही, आरपार भोक पडू शकतं. याच कारणानं जाणता डॉक्टर गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडाही तपासायला उगाच घेत नाही. पुढे ज्यांनी दुर्बीण घातली त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, किती ग्रे झाले? मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. सुक्राल्फेटचा एनिमा, रोज दोनदा, सहा आठवडे. रक्त थांबलं. मळ मऊ राहावा म्हणून इसबगोल अजून घेतो.

मामांच्या त्या फिल्म आज असत्या तर या लेखासोबत छापल्या असत्या. नाहीत. आमच्याकडे जुन्या फिल्म काही वर्षांनी किलोवर जायच्या, कारण फिल्मवर चांदी असते. फिल्म धुवायचं वापरलेलं रसायन, हायपो, तेही विकलं जायचं, त्यातूनही चांदी निघते. जळगावसारख्या सोन्या-चांदीच्या गावात गिऱ्हाईक मिळायला कितीसा वेळ? पूर्व आणि पश्चिम खान्देशातल्या हजारो माणसांची आतडी अशी आटून कुणाच्या तरी पैंजणांत गेली आहेत. विकण्याच्या यादीवर तंत्रज्ञ म्हणून सही माझीच असायची.

म्हणून वाचकांना एक मागणं आहे. घरातल्या कुणी कोबाल्ट, रेडियम किंवा लाईट घेतली असेल आणि त्याचं कार्ड ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, कुठंही पडलं असेल, तर रद्दीत घालू नका. माणूस हयात असेल तर कार्ड त्याच्या पाकिटात ठेवा, कारण पुढच्या डॉक्टरला त्यावरचा ग्रेचा आकडा लागतो. माणूस गेला असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा की शेकानंतर त्याला परसाकडचा काय त्रास होता, किती वर्षं होता. मामांबद्दल मामीकडून मी लिहून घेतलं. तिला ते सांगायला तीस वर्षं लागली.